तोरणावरचे दोन पोपट

आमच्या लोकरीच्या कामाचं मोबाइलवर एक पान आहे. त्यावर वर्षभर माझा फोटो होता. नाकावर चष्मा, हातात क्रोशाची सुई, आणि खाली सुनेने लिहिलेली ओळ: आजोबांच्या हातची तोरणं. ती ओळ खरी नव्हती. मी ती तशीच राहू दिली, म्हणून हे लिहितो आहे.

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर काम करायचो. निवृत्त झाल्यावर बोरीवलीच्या घरात बसून बायकोचे हात बघू लागलो. ती मालवणकडची, मुलगी असल्यापासून विणते. आमच्या लग्नाच्या रुखवतात तिने विणलेले रुमाल होते म्हणे, मी तेव्हा पाहिलेही नव्हते. आता मात्र एका सुईतून आणि एका धाग्यातून अख्खा पोपट कसा उभा राहतो, हे कळल्याशिवाय चैन पडेना. मी शिकव म्हणालो. ती हसली, पण सुई दिली.

साखळी, खांब, मुका खांब, अशी टाक्यांची नावं शिकलो. मुका का म्हणतात, हे तिलाही ठाऊक नव्हतं. बुटका असतो, वर डोकं काढत नाही, म्हणून असेल, म्हणाली. माझा पहिला गोल रुमाल वाटीसारखा वळला. टाके वाढवत न्यायचे असतात, हे मी विसरलो होतो. पण मला खरं नवल वाटलं ते उसवण्याचं. लेथवर जास्त कापलं गेलं की तुकडा भंगारात. इथे धागा ओढला की चुकीची पुन्हा लोकर होते. मी मुद्दाम विणायचो आणि उसवायचो.

"अहो, पुरे. जीव गेला त्या लोकरीचा," ती म्हणायची.

असाच एकदा विणत असताना सुनेने माझा व्हिडिओ काढला आणि बायकोने केलेल्या तोरणांच्या फोटोंबरोबर पानावर टाकला. ऑर्डरी येऊ लागल्या. सगळ्यांना आजोबांचंच तोरण हवं होतं. खरं तर मी फक्त खालची पानं विणायचो. पोपट, आंबे, कळस सगळं तिचं. मी सुनेला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "बाबा, आजी विणते यात नवीन काय? लोक तुम्हाला बघून थांबतात ना." मी हट्ट धरला नाही. मला ते आवडत होतं, हे खरं कारण. गणपतीत सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं, तेही मी घेतलं. बायको समोर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती.

मग मुलुंडच्या एका बाईंनी लेकीच्या गृहप्रवेशासाठी तोरण मागवलं, मध्ये समोरासमोर दोन पोपट. बायकोने एक पोपट केला आणि तिचं मनगट दुखू लागलं. दुसरा मी करतो म्हणालो. तीच लोकर, तीच सुई, तेवढेच टाके. पण माझा हात लोखंडाला सरावलेला, मी धागा आवळून धरतो. पोपट आकसला. ओलं फडकं टाकून इस्त्रीने ताणला आणि पाठवून दिला.

बाईंनी तोरण दाराला लावून बघितलं आणि फोटो पाठवला. माझा पोपट पुन्हा आकसून बायकोच्या पोपटाचं पिल्लू दिसत होता. त्या रागावल्या नव्हत्या. आजोबांची तब्येत बरी आहे ना, हात थरथरतो का, एवढंच विचारलं होतं. आहे तसंच लावू, तुम्ही त्रास घेऊ नका.

मी फोन बायकोपुढे धरला. तिने फोटो बघितला, खालचा निरोप वाचला. मनाला लागलं की ती मालवणीत बोलते.

"तुमची तब्येत इचारल्यानी," ती म्हणाली. "माझ्या पोपटाचा कोणी काय इचारूक नाय."

मी लगेच बाईंना लिहिलं, की मोठा पोपट माझ्या बायकोचा, आकसलेला माझा, आणि माझा हात ठणठणीत आहे. मग सुनेला पानावरची ओळ बदलायला सांगितलं. ऑर्डरी कमी होतील, असं ती म्हणाली, पण बसली बदलायला. मी 'आजी-आजोबांच्या हातची' असं सुचवलं.

"आजोबांनी काय विणलंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "पानं. तेवढंच लिही गं."

तसंच लिहिलं: आजीच्या हातची तोरणं, पानं आजोबांची. पुढे ऑर्डरी थोड्या कमी झाल्याही.

त्याच संध्याकाळी मुलुंडहून फोन आला. त्या बाईंना आजींशी बोलायचं होतं. त्यांनी पोपटाच्या चोचीबद्दल विचारलं, ती पुढे वाकते कशी, मागून शिवलीय का. फोनवर दोन वाक्यांत आटपणारी माझी बायको खुर्ची ओढून बसली. शिवलेली नाही, म्हणाली. टोकाला मुके खांब घालून उलट वळायचं, मग ती आपोआप वाकते. दुखऱ्या हाताने ती हवेत टाके दाखवत होती, बाईंना दिसत नसताना. दुसरा पोपटही मीच करून देते, घाई करू नका, असंही तिने सांगितलं.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. चोचीचं मीही तिला कधी विचारलं नव्हतं.