गणपतची मिशी आणि इतर पोशाख

तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात: फायली बांधायच्या फिती आणि किस्से. फिती निवृत्त होताना कचेरीत परत कराव्या लागतात. किस्से कुणी परत मागत नाही, म्हणून ते घरी येतात, एकमेकांत गुंततात, आणि एक ओढायला गेले की दुसराच हातात येतो. आज हाती आले आहेत ते कॉलेजातले. खरे-खोटे तपासायला तेव्हाचे फारसे कुणी उरलेले नाही, ही त्यातली मोठीच सोय!

कॉलेज पुण्याचे, युनिव्हर्सिटी मुंबईची आणि आम्ही महाडचे. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो. विनायक हा महाडच्या एका वकिलांचा मुलगा. गणपत पोलादपूरजवळच्या कापडे गावचा. बाप मुंबईच्या गिरणीत, भातशेती आईच्या हातात, आणि साऱ्या गावात कॉलेज पाहिलेला हा एकटाच. तिसरा मी. माझ्याबद्दल सांगण्यासारखे तेव्हाही काही नव्हते.

*

विनायकला घरची आठवण फार यायची. पुण्यात असला की महाडचे गुणगान: सावित्रीचे पाणी, महाडचे फणस, महाडची माणसे! ऐकता ऐकता आमचेही डोळे भरून यायचे. सुट्टी लागली की वरंधा घाट उतरून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून सुरू करायचा: पुण्याची हवा, पुण्याचा चहा, पुण्याची माणसे! पुण्यात ज्यांच्यासाठी रडला ते फणस समोर फोडलेले असायचे. त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही.

तिसऱ्या सुट्टीत त्याच्या आईने माजघरातून विचारले, "विनू, तू असे कर ना. वरंधा घाटातच एखादी खोली बघ. दोन्ही गावे सारखीच लांब पडतील. रडायला बरे!"

*

गॅदरिंगला सूट हवाच, असे विनायकने पहिल्याच वर्षी कुठेतरी ऐकले. पुण्याचे शिंपी त्याला शिष्ट वाटत. म्हणून दिवाळीत महाडच्या आमच्या नेहमीच्या शिंप्याला त्याने विलायती मासिकातले चित्र कापून दिले. "अगदी असाच कोट शिवायचा. टाक्याचा फरक नको!"

कोट आला. पुढून पाहिला तर चित्रातला साहेब. मागून पाहिला तर आमचे आजोबा! पाठीला अंगरख्यासारखा घेर आणि कमरेपाशी बांधायला दोन बंद. विनायक तणतणत गेला. शिंपी शांतपणे म्हणाला, "विनायकराव, चित्रातला साहेब पाठ वळवतच नाही. मग मागचे मी माझ्या मनाने शिवले."

सबंध गॅदरिंगभर विनायक भिंतीला पाठ लावून उभा होता. निघायची वेळ झाली तेव्हा हात जोडून, उलट्या पावलांनी चालत दारापर्यंत गेला. आमचे संस्कृतचे प्रोफेसर गहिवरले. मला म्हणाले, "केवढा हा विनय! नाहीतर हल्लीची मुले, गुरूला सर्रास पाठ दाखवतात!"

*

वर्गात दोन मुली होत्या. त्या सर्वांत पुढे बसत, आम्ही सर्वांत मागे. मधल्या रिकाम्या बाकांना आम्ही सोशल लाइफ म्हणत असू.

दुसऱ्या वर्षी त्यांतली एक अचानक जिन्यात समोर आली. हातात माझी हरवलेली वही.

"ही वही तुमची का?"

होय म्हटले तर बोलणे वाढणार, वाढले तर काय बोलायचे, या विचारात मी म्हणालो, "नाही."

"पण वर तुमचे नाव आहे."

"ते मी नव्हे."

तिने वही ऑफिसात जमा केली. ती सोडवण्यासाठी मला अर्ज करावा लागला: "सदर वही माझी असून ती माझी नाही असे मी घाईत बोललो, तरी मिळावी." पुढे आयुष्यभर जे करायचे होते त्यातला हा पहिला अर्ज. त्यावर हेडक्लार्कांचा शेरा आला, "अर्जदाराने आपण कोण ते आधी नक्की करावे."

ते अजून चालूच आहे.

*

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आम्ही तिघे पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणला निघालो. चढ उभा, ऊन कडक, म्हणून मी विनायकची नवी सोला हॅट घातली. पठारावर पाऊल ठेवले आणि समोरच्या वाडीतली दारे धडाधड लागली. अंगणात खेळणारी पोरे क्षणात नाहीशी!

"यांना आपण कोण वाटलो?" मी गणपतला विचारले.

"आपण नाही, तू. हॅटवाला इथे एकच येतो. देवीची लस टोचणारा."

तेवढ्यात एक म्हातारी बाही वर करून पुढे आली. "मला टोच रे बाबा, पन पोरांना नको. गेल्या खेपेला दोन दिस तापली व्हती."

मी टोचणारा नाही हे पटवण्यासाठी मी घाईने हॅट काढली. खाली शेंडी होती. म्हातारी दोन पावले मागे सरली आणि बंद दारांकडे बघून ओरडली, "अगो बाय, ह्यो तर भट हाय! म्हंजे टोचनार बी, आनि वर दक्षना बी मागनार!"

*

आता गणपतची मिशी. ती जाड, काळी आणि आमच्या खोलीतली एकुलती एक होती. विनायकच्या आणि माझ्या ओठांवर नुसता अर्ज होता, मंजुरी आलेली नव्हती.

तिसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात नायिकेचे काम गणपतकडे आले, कारण गळा त्याचाच गोड. तो म्हणाला, "लुगडे नेसतो, बांगड्या भरतो. पण मिशी काढणार नाही. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेला की काढतात."

"अरे, ते आमच्यातही तसेच," विनायक म्हणाला. "पण मिशीवाली नायिका कोण चालवून घेणार? आणि कापड्यात कळणार कसे? घरी जाईपर्यंत परत येईल!"

मिशी गेली. नाटक गाजले. पदांना इतके वन्समोअर मिळाले की रात्रीत गणपतचा घसा साफ बसला. आणि सकाळी घरचे पत्र आले: बहिणीची सुपारी फोडायची ठरली आहे, बा मुंबईहून निघतो आहे, तू ताबडतोब ये.

लग्न ठरवायला पाहुणे येणार आणि मुलीच्या भावाला मिशी नाही! विनायकने अंग काढून घेतले. गणपतने मला ओढले आणि खुणेने सांगितले, समजावून बोलायला कुणीतरी शहाणा माणूस हवा. शहाणा म्हणून मला कुणी नेल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कापड्याला पोचलो. थंडी होती, गणपतची टोपी कानांपर्यंत ओढलेली. अंगणात त्याची आई सुपारीसाठी तांदूळ कांडत होती. तिने मान वर केली आणि विचारले, "बा येतोय ना रे?"

त्याच वेळी त्याच्या चुलतीने घरातून हाक दिली, "वाटंत काय खाल्लास का रे?"

गणपतने चुलतीला उत्तर दिले. घशातून कसाबसा वारा आला, "नाय."

आईने त्याच्या ओठाकडे पाहिले. मग कानांपर्यंतच्या टोपीकडे. मुसळ हातातून गळून पडले.

पुढचे इतके भराभर झाले की मला नीट सांगताही येत नाही. आईने हंबरडा फोडला, शेजारपाजार धावला. "तार त्यालाच आली असनार, शिकलेला हाय ना!" कुणीतरी म्हणाले. गणपत दोन्ही हात हलवून "नाय, नाय" करत होता, आणि त्याच्या प्रत्येक "नाय"ला बायका नव्याने रडत होत्या. एक म्हातारी आईच्या बांगड्या फोडायला वरवंटा घेऊन आली. गणपतने आईची दोन्ही मनगटे घट्ट धरली. तोंड उघडे, डोळ्यांतून पाणी, आवाज नाही.

"सोड रे बाबा, रीत हाय ती," म्हातारी म्हणाली.

इथे शहाण्या माणसाने बोलायला हवे होते. मी ओरडलो, "थांबा! गैरसमज होतो आहे!"

"काय व्हतोय?" एक वयस्क गृहस्थ जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कदी झाला रे ह्या?"

माझ्या डोक्यात मिशीशिवाय काही नव्हते. मी म्हणालो, "परवा. संध्याकाळी."

"कुठं?"

"कॉलेजात. गॅदरिंगच्या आधी."

"तरास झाला का फार?"

"नाही. न्हावी चांगला होता."

गृहस्थ विचार करत खाली बसले. पण तोवर वाटेने गणपतचा बा आलाच! बोटीने दासगावच्या धक्क्यावर उतरून आलेला, खांद्यावर ट्रंक, ओठांवर गणपतच्या दुप्पट मिशी. दारात माणसे आणि रडारड पाहून त्याने ट्रंक खाली ठेवली, फेटा काढला आणि त्या गृहस्थांच्या मागे बसून डोळे पुसत विचारले, "कोन गेला रे?"

गृहस्थांनी मागे न बघता सांगितले, "आपला राघू गेला."

"आँ? कदी?"

"परवा. पुन्याच्या कालेजात. न्हावी चांगला व्हता म्हनतात."

बाचे नाव राघू. त्याने फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग उभा राहिला, अंगणभर नजर फिरवली आणि म्हणाला, "मी गेलो आसन तर गेलो. पन उद्या सुपारीला कोन बसनार, ते ठरवलात का?"

वरवंटा पडल्याचा आवाज मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला. गणपतने आईची मनगटे सोडली. बांगड्या शाबूत होत्या. ती उठली आणि त्याच हातांनी तिने गणपतच्या पाठीत असे धपाटे घातले की सगळ्या बांगड्या वाजल्या.

पण सुपारी उद्यावर होती. बाप समोर बसलेला आणि मुलाला मिशी नाही, असा अपशकुन बघून पाहुणे पाणीसुद्धा न पिता उठले असते. गणपतची बहीण चुलीपुढून हलली नाही. बा संध्याकाळपर्यंत ओटीवर मिशीवरून हात फिरवत बसला होता.

सकाळी तो न्हाव्याकडून आला तेव्हा आईने त्याला आधी ओळखलेच नाही. मिशी गेलेली होती. तो सरळ गणपतच्या शेजारी जाऊन बसला.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी बाच्या ओठाकडे पाहिले, गणपतच्या ओठाकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाले, "म्हातारबाबा गेले वाटतं?"

"गेले," बा म्हणाला.

"कदी?"

"झाली की बारा वर्सं."

पाहुण्यांनी पुन्हा एकदा दोन्ही ओठ पाहिले. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे, माझ्या त्या मंजुरी न आलेल्या ओठाकडे गेले.

"आनि ह्यांचे वडील हायत ना?"

माझे वडील त्या वेळी महाडला ओटीवर बसून सुपारी कातरत असणार. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे बघू लागले की माझ्या तोंडून एकच शब्द निघतो.

"नाही," मी म्हणालो.

"अरेरे!" पाहुणे म्हणाले, तिन्ही ओठांचा हिशेब लागला, आणि सुपारी फुटली.