दात काढणारी सून

"डॉक्टरीणबाई, वरचे समोरचे चारी काढून टाका," कांताचे वडील म्हणाले. "पोरीचा संसार वाचंल."

कांता खुर्चीत बसली होती. वय विशीच्या आतलं. पेडगावहून परभणीला, माझ्या दवाखान्यात आणलेली. दातांना कीड नव्हती, हिरड्या चांगल्या होत्या.

"दुखतात का?"

"दुखत न्हाईत. सासरा वारला, तवा ही मयतापाशी दात काढत बसली म्हन्तेत. दिवस होताच माहेरी आणून घातली."

"मी रडत होते," कांता म्हणाली.

मी तिला बाजूने पाहिलं. चेहरा समजून घ्यायचा तर आम्ही तो बाजूनेच पाहतो. नाक, ओठ, हनुवटी एकमेकांच्या मानाने कुठे आहेत ते कळतं. कांताचा वरचा जबडा पुढे होता, खालचा मागे. वरच्या-खालच्या दातांमध्ये माझ्या करंगळीचं टोक मावत होतं. याला आम्ही ओव्हरजेट म्हणतो. तिचा खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकायचा. जोर लावून तोंड मिटलं की हनुवटीवर सुरकुत्या पडायच्या. रडताना एवढा जोर कोण लावणार? ओठ उघडे राहिले. लोकांना ते हसू वाटलं.

वडिलांना मी समजावलं. ओठाला स्वतःचं हाड नसतं, तो दातांवर टेकलेला असतो. पुढचे दात गेले की ओठ आत बसतो, नाक लांब दिसतं, तरुण पोर म्हातारी दिसते. खरा उपाय तारेचा. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढून जागा करायची आणि पुढचे दात हळूहळू मागे ओढायचे. दोनेक वर्षं, दर महिन्याला औरंगाबादच्या दंत महाविद्यालयाची फेरी.

"दोन वर्सं ते थांबतेत व्हय? आन् येष्टी तरी कुठं धड चालू हाय?"

खरं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे बस कधी बंद होतील याचा नेम नसायचा.

"मग जावयांना घेऊन या. मी समजावते. जबड्याचा दोष आहे, असं लिहूनही देते."

"दोष म्हनू नका, बाई. खोट असलेली पोरगी गळ्यात घातली म्हून गावभर करतील."

मी कागद बाजूला ठेवला. चांगले दात काढायला मात्र मी नकार दिला. त्यांनी ते दुसरीकडे काढून घेतले.

काही महिन्यांनी कांता आईबरोबर आली. मी आधी तिला ओळखलंच नाही. वरचा ओठ आत गेला होता.

"सासरी जाऊन आलात?"

"दारातूनच वळवलं," आई म्हणाली. "सासू म्हनली, तवा दात काढत होती, आता काढूनच आली. ही म्हातारी कोन नांदवील? पोराची दुसरी सोयरीक बी केली त्यांनी."

मी मापं घेतली. पुढच्या खेपेला प्लेटवर चार दात बसवून दिले. ओठ थोडा भरला. कांताने तोंड मिटलं. ओठ सहज मिटले, हनुवटीवर सुरकुती पडली नाही.

"आता जरा हस," मी म्हणाले. "दात नीट बसलेत का बघू."

ती हसली नाही. तिने बोटाने ओठ वर उचलला.

"बघा," म्हणाली.

दात नीट बसले होते.

तेव्हापासून मी पेशंटसमोर 'दात काढणे' म्हणत नाही. 'उपटणे' म्हणते. ऐकायला वाईट वाटतं, पण त्याचा अर्थ एकच होतो.