उंदरांचे भाजलेले कान

मावशी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत बावीस वर्षं राबत होत्या. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. कुठला उंदीर आजारी पडणार, हे त्यांना आदल्या दिवशीच कळायचं. आणि त्यांच्यावर साहेब कोण? तर एक डॉक्टर! पदव्या नावापेक्षा लांब, अक्कल मात्र सहीपुरती.

प्रयोग झकास होता, हे मात्र खरं. डोळ्यांना न दिसणारे कण शिरेतून टोचायचे. ते कर्करोगाच्या गाठीत जाऊन ठाण मांडतात. लाल किरण सोडला की आधी चमकून गाठीचा पत्ता सांगतात, मग तापून तिलाच भाजून काढतात. हेरही तेच, शिपाईही तेच! पथ्य एकच. टोचल्यावर दिवसभर उंदीर अंधारात. तोवर कण कातडीतही असतात. उजेड लागला की तीच भाजते. म्हणून सहाही पिंजऱ्यांवर मिळून एकच जाड काळं कापड.

टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी कापड उचललं, तर एका पिंजऱ्यातल्या उंदरांचे कान लालबुंद, सुजलेले.

डॉक्टरांनी थेट मोठ्या बाईंना, म्हणजे संस्थाप्रमुखांना, बोलावून आणलं. "ह्यांनी पिंजरे उघडे टाकले! महिन्याची मेहनत मातीत! आजच्या आज काढा ह्यांना!"

मावशींचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. पण जीभ काही अडखळली नाही.

"बाई, कापड एक, पिंजरे सहा. मी उघडे टाकले असते तर सगळेच भाजले असते की. ह्याच पिंजऱ्यावर उजेडाची एवढी माया का?" मग डॉक्टरांकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, काल मी जेवायला गेले तेव्हा पाहुणे आले होते म्हणे. काय म्हणाले?"

डॉक्टर फुलले. स्तुतीचा विषय निघाला की ह्या गृहस्थाचा मेंदू रजेवर जायचा. "थक्क झाले! हाच पिंजरा टेबलावर घेऊन नीट दाखवला त्यांना."

"अंधारात?" बाईंनी विचारलं.

"छे! मोठ्या दिव्याखाली, चांगली वीस मि..."

पुढचं मिनिट घशातच राहिलं.

बाई एवढंच म्हणाल्या, "प्रयोग पुन्हा करा. खोलीची किल्ली मावशींकडे राहील."

चार दिवसांनी डॉक्टरांनी दार वाजवलं. "मावशी, येऊ का आत?"

"पाहुणे आहेत का सोबत?"

"नाही हो."

"मग कशाला येता? बघायला कोणी नाही तुम्हाला," मावशी म्हणाल्या आणि उंदराच्या कानाला मलम लावत बसल्या.