कॉमासकट वाचलेला धडा

कॉलेज रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप परत देताना सांगितलं, "काकू, आता याच्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय. मशीन जुनं आहे, पण पळेल." मी मान डोलावली. लिनक्स म्हणजे काय, ते विचारायची लाज वाटली.

मला लॅपटॉप हवा होता तो एका मुलीसाठी. ती जन्मापासून अंध, बारावीला होती. मी तिच्यासाठी धडे वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. पण प्रत्येक धड्यात कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक आणि माझा खोकला यायचा. हे सगळं कापून टाकणारा एक प्रोग्राम फुकट मिळतो, असं कळलं. तो लॅपटॉपवर टाकण्यासाठी जी इंग्रजी ओळ टाइप करायची, ती मी मोबाइलवर बघून वहीत उतरवून घेतली.

दुपारी लॅपटॉपला असे हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून ती ओळ टाइप केली. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. मी बटणं दाबते आहे, पण पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटेना. कीबोर्ड गेला, असं समजून मी समोरच्या मावशींचं दार वाजवलं. मावशी मूळच्या देवळ्याच्या. नाशिकमध्ये त्यांनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. कॉम्प्युटरला मात्र कधी हात लावला नव्हता.

"हाई काय शे?" पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या. चक्रावल्या की त्यांना अहिराणी आठवते.

"अक्षरच उमटत नाही हो."

"बोटं बरोबर पडताहेत ना? मग पुढे चल. आम्ही मुलींच्या हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावायचो. दिसत नाही म्हणजे उमटत नाही, असं थोडंच आहे?"

मी न बघता पासवर्ड पूर्ण केला, एंटर दाबलं. आणि खरंच, लॅपटॉप पुढे सरकला! पण लगेच म्हणाला, या नावाचं काही सापडत नाही.

मी तीच ओळ तीनदा टाइप केली. तीनदा तेच उत्तर. मग मावशींनी चष्मा पुसला, माझी वही एका हातात धरली, मोबाइल दुसऱ्या हातात, आणि एकेक अक्षर बोटाने ताडून बघितलं.

"इथे ए आहे. तू आय लिहिलंयस. माझ्या क्लासात असतीस तर पान पुन्हा काढायला लावलं असतं."

अक्षर सुधारलं. आता नवीनच भानगड. 'लॉक मिळत नाही, थांबा' अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि शेजारी सेकंद मोजले जाऊ लागले. मी बंद करायच्या बटणाकडे हात नेला, तर मावशींनी मनगटच धरलं.

"थांब म्हणतोय ना तो? मग थांब की. दुसरं कुणीतरी आत काम करत असेल."

नंतर कळलं की खरोखर तसंच होतं. लॅपटॉप स्वतःचं अपडेट करत होता. आम्ही चहा ठेवला. कप रिकामे होईतो पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या आणि शेवटी मुकाट्याने थांबल्या. प्रोग्राम आला होता. मी मावशींना टाळी दिली. त्यांनी ती जरा संकोचून घेतली, मग स्वतःच हसत सुटल्या.

पुढच्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, "इंग्रजीचा धडा मी वाचू का? माझे उच्चार चांगले आहेत." होतेच. पण पहिलं वाक्य संपलं आणि त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "फुलस्टॉप." तीस वर्षं मुलींना मजकूर सांगून टाइप करून घेतलेला. कॉमा, कॅपिटल, नवा परिच्छेद, सगळं त्यांच्या तोंडून आपोआप यायचं. थांबवलं की दोन वाक्यं नीट, तिसऱ्याला पुन्हा कॉमा.

मी ते कापायला बसणार होते. त्याआधी त्या मुलीला फोन करून म्हटलं, धडा उद्या देते, जरा साफ करायचाय. का ते सांगितल्यावर ती खूप हसली.

"काकू, कापू नका ना," ती म्हणाली. "परीक्षेत मी लेखनिकाला सांगते आणि तो लिहितो. कॉमा कुठे, हे मलाच सांगावं लागतं. पण धड्यात तो कुठे असतो, ते मला आजवर कुणी वाचूनच दाखवलं नाही."

मी मावशींना हे सांगायला गेले. त्या पुस्तक उघडून दुसरा धडा मोठ्याने वाचून बघत होत्या, अवतरणचिन्हांसकट.