अमेरिकेला पाठवायची तार

दुष्काळाच्या साली कर्जतजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात एक पुस्तक आलं. अमेरिकेतले गोरे तिथल्या काळ्या लोकांना कसे वागवतात, यावर पुण्याच्या एका विद्वानांनी ते लिहिलं होतं. पुस्तकं वाचणारा मास्तर म्हणून गावात माझं नाव बद्दू झालेलं, त्यामुळे सभेत त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला निम्मा भाग मला आवडला होता. बसमधली मागची बाकं, प्यायच्या पाण्याचे वेगळे नळ, सगळं डोळ्यांनी पाहून, शब्द आवरून लिहिलेलं. दुसऱ्या भागात मात्र लेखकाला गहिवर येतो. कंठ दाटतो, झोप उडते, आणि सकाळी उठून ते मानवजातीला उपदेश करतात. काळी माणसं तोवर पुस्तकातून निघून गेलेली असतात.

हे मी सभेत सांगितलं, ते कुणाला रुचलं नाही. अध्यक्ष, म्हणजे गावचे पाटील, नेमका दुसरा भाग वाचून आले होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "माणसाला पाण्यापासून तोडायचं? काय ही गोऱ्यांची जात!" आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना निषेधाची तार करायची, असा ठराव मांडला. टाळ्या पडल्या. मजकूरही तिथंच ठरला.

मागं प्राथमिक शाळेतले एक गुरुजी बसले होते. ते बौद्ध. त्या साली टँकरचं पाणी पाटलांच्या विहिरीत सोडत, आणि गुरुजींच्या वस्तीनं पोहऱ्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. त्यांची म्हातारी आई रिकामी कळशी घेऊन विहिरीपाशी बसून राही. कुणाला सवड झाली, की तो वरून ओतून देई.

गुरुजी उठले. "पाटील, तारेत एक ओळ वाढवू. आमच्या गावात सगळे एकाच विहिरीवर आपापल्या हातानं पाणी शेंदतात."

"पन तसं न्हाई ना, गुरुजी."

"मग उद्या आईला पोहरा धरू द्या. तार परवा करू. खोटी नको जायला."

"आजचा विषय अमेरिकेचा हाय."

दाराजवळून कुणीतरी म्हणालं, "पाटील, तिकडनं उलट तार आली म्हंजी?"

हसू उसळलं. पाटलांनी मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला. मजकूर आणखी जोरकस हवा, म्हणाले. तो अजून जोरकस होतोच आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विहिरीवर एक गडी नेमला, वस्तीच्या कळशांत पाणी ओतायला. पुढच्या सभेत हीच समाजसुधारणा म्हणून सांगितली, तीही पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या भाषेत. गुरुजींनी ते पुस्तक नेलं होतं. आणून दिलं तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं?

"पहिला भाग खरा आहे."

"आणि दुसरा?"

"तो वाचला नाही. सभेत ऐकला की."

त्याच सुमारास त्यांची आई विहिरीवरून येताना वाटेत भेटली. कळशी अर्धीच होती. आता ताटकळावं लागत नसेल, असं मी म्हणालो.

"न्हाई, लगीच वततो त्यो. पन वरनं वततो ना, निम्मं मातीतच जातंय," ती म्हणाली. "पोहरा माझ्या हातात आसता, तर थेंब सांडला नसता, मास्तर."