हिरव्या रंगाखालचा सीरियल नंबर

थिनरची बाटली माझ्या हातात होती आणि बोरा सर मागून म्हणाले, "लावू नकोस. रंगाबरोबर प्रिंटही जाईल."

काउंटरवरच्या रबरी मॅटवर एक ग्राफिक्स कार्ड पालथं पडलं होतं. कार्डाच्या पाठीवर जिथं कंपनीचा पांढरा स्टिकर असतो, तिथं हिरवा ऑइल पेंट. चुकून उडालेला शिंतोडा नव्हे. दोन बोटं रुंद, सरळ, मुद्दाम ओढलेला पट्टा. स्टिकरवरच्या बारकोडचं एक टोक तेवढं दिसत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्रापुरता बसवलेला वेगळा मेंदू. साध्या टायपिंगला तो लागत नाही. गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि मशीनच्या पार्टांची मोठी ड्रॉइंगं फिरवून बघायला लागतो. वस्तू महाग असते, म्हणून बरेच जण जुनी घेतात. आणि प्रत्येक कार्डाला एक सीरियल नंबर असतो. वॉरंटी त्या नंबरावर चालते. नंबर वाचता येत नसेल तर कंपनीच्या लेखी ते कार्ड जन्मालाच आलेलं नाही.

मी या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये अकरा वर्षं काउंटर सांभाळला. मूळची करमाडची. बी.एस्सी. कॉम्प्युटर. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण निम्मे लोक आत आले की मलाच विचारायचे, "इंजिनियर कुठंयत?" मी म्हणायची, "बोला, समोरच आहे."

ही गोष्ट शहराचं नाव बदलायच्या आधीची. त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं आणि त्याच वेळी जालना रोडला नव्या इमारतींचे स्लॅब पडत होते. शेंद्र्याला कंपन्या माणसं घेत होत्या.

कार्ड घेऊन दोघं आले होते. मल्हारीकाका आणि त्यांची मुलगी सारिका. शेंद्र्याच्या पुढं त्यांची वस्ती. काकांकडं मेंढरं होती, चाळीसेक. त्या उन्हाळ्यात चारा नाही, पाणी नाही, म्हणून चार ठेवून बाकीची विकली. त्यातून सारिकाला कॉम्प्युटर जोडून दिला. तिनं डिप्लोमा केला होता आणि शेंद्र्यातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसनं तिला महिनाभर ट्रायलवर घेतलं होतं. अट अशी, की कॉम्प्युटर स्वतःचा आणायचा आणि महिन्यात डायची, म्हणजे पार्ट पाडायच्या साच्यांची, पाच ड्रॉइंगं पूर्ण करून दाखवायची. चौथ्या दिवशी कार्ड गेलं. आता तिचा बंद कॉम्प्युटर ऑफिसच्या टेबलावर होता आणि बाकीचे जेवायला उठले की ती त्यांच्या मशीनवर अर्धा तास काम करायची.

"हा रंग कुणी लावला?" मी विचारलं.

सारिका खाली बघत होती. काका म्हणाले, "मी. करमाडच्या दुकानात साफ कराया दिलं व्हतं. त्यानं आमचं ठेवून दुसरं हातात दिलं तर? म्हणून खूण केली. आमच्या मेंढरांना हीच खूण असती."

"पण नेमकी स्टिकरवर?"

"तिथंच तर. चिकटवलेलं निघतंय, ताई. रंग नाय निघत."

सारिका दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला विचारायचं तरी. काहून असं करता?"

मला त्या माणसाची चूक सापडेना. खूण निघू नये म्हणून त्यांनी जे केलं, त्याच्यामागं पूर्ण विचार होता. फक्त जी खूण कंपनी बघते, तीच त्याखाली गेली होती.

मी त्यांना वॉरंटी कशी चालते ते सांगायला लागले. अर्ध्यावर त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, "म्हंजे मेंढीच्या विम्यासारखं. कानातला बिल्ला गेला की विमा गेला." विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला ठोकतात, आणि जनावर मेलं तर तो बिल्ला दाखवावा लागतो, हे त्यांनी मला समजावलं. त्यांची एक मेंढी तशीच गेली होती. "विम्याचा सायेब म्हणला, ही तुमचीच कशावरून? मी म्हणलं, ती मला वळखत व्हती. तो म्हणला, मला नाय वळखत. आता त्याचं बी बरोबरच हाय की."

बेंचवरचं एक गिऱ्हाईक हसलं. काकाही हसले. सारिका हसली नाही.

बोरा सर, म्हणजे आमचे मॅनेजर, मला आत घेऊन गेले. वाईट माणूस नव्हता. त्यांच्यावर मुंबईच्या हेड ऑफिसचा दाब असायचा. महिन्याला किती केस उघड्या राहिल्या ते वरून विचारायचे. ते म्हणाले, "सीरियल दिसत नाही. रिजेक्ट मारून केस क्लोज कर."

मी म्हणाले, "सर, अजून केस उघडलीच नाही."

हे महत्त्वाचं होतं. आमच्याकडं तक्रार एकदा सिस्टीममध्ये टाकली आणि ती रिजेक्ट झाली, की त्या कार्डाचं दार कायमचं बंद. म्हणून मी आधी कागद बघायची, मग कीबोर्डला हात लावायची. ही सवय मला कुणी शिकवली नव्हती. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची केस मी घाईनं टाकली आणि त्याचं नुकसान केलं, तेव्हापासूनची.

कागद बघितले. कार्ड जुन्या बाजारातल्या दुकानातून घेतलेलं. दुकानदारानं मूळ बिल दिलं होतं, तेवढा तो प्रामाणिक. बिलावर नाव पडेगावच्या अय्यूबभाईंचं. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. बिलाप्रमाणं तीन वर्षांची वॉरंटी संपून दोन महिने झाले होते.

पण या कंपनीची एक सोय होती. नवीन कार्ड घेतल्यावर महिन्याच्या आत वेबसाइटवर नोंद केली, तर एक वर्ष जादा मिळायचं. ते जादा वर्ष नोंद करणाऱ्यालाच. कार्ड दुसऱ्याला विकलं तर पहिल्या मालकानं आपल्या खात्यातून ते नव्या माणसाच्या नावावर करून द्यायचं. त्याला ट्रान्सफर म्हणतात. जुनं कार्ड घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे ठाऊक नसतं.

म्हणजे सगळं अय्यूबभाईंवर होतं. त्यांनी तेव्हा नोंद केली असली तर खात्यात नंबर सापडेल आणि वॉरंटीही. केली नसली तर विषय संपला.

मी सरांना विचारलं, बंद पडलेल्या कार्डाचं ट्रान्सफर चालतं का. त्यांनी नियम काढला, चष्मा लावून दोनदा वाचला. तक्रार चालू नसावी, एवढंच लिहिलं होतं. "कार्ड चालू असावं असं नाही लिहिलं," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "पण नंबर मिळाला तरी तो याच कार्डाचा कशावरून?"

ते मी आधीच बघून ठेवलं होतं. कार्डाच्या पाठीला धातूची पातळ प्लेट असते. ती काढली की आतल्या बोर्डावर तोच नंबर बारीक अक्षरात असतो. गिऱ्हाइकानं प्लेट उघडली तर वॉरंटी जाते, पण मुंबईची परवानगी असेल तर आम्ही उघडू शकतो.

"सोमवारपर्यंत नंबर आण. मी मेल टाकतो," सर म्हणाले.

रविवारी मी स्कूटीवर पडेगावला गेले. माझं तिथं काम नव्हतं, हे मला कळत होतं. पण खात्यात काय शोधायचं ते त्या दोघांना कळलं नसतं, आणि रविवारी मी घरी बसून तोच विचार केला असता. काका आणि सारिका शहराच्या दुसऱ्या टोकाकडून मोटरसायकलवर आले. उन्हानं दोघांचे चेहरे काळवंडले होते.

अय्यूबभाईंनी दार उघडलं, कार्ड बघितलं आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, "बेच्या सो बेच्या. वापस नक्को लाओ."

मी म्हणाले, परत द्यायला नाही आलो, तुमच्या नावावरून काढायला आलोय. तेव्हा आत घेतलं. त्या साली लग्नं लहान झाली होती, काही पुढं ढकलली होती, म्हणून त्यांनी एडिटिंगचा एक कॉम्प्युटर सेट विकून टाकला होता. नोंद केली होती का, त्यांना आठवेना. विकत घेताना दुकानदारानंच मोबाईलवर काहीतरी केलं होतं, म्हणाले. मेलचा पासवर्ड सापडेना. त्यांच्या बेगमनं किचनमधून सांगितलं, "कैलेंडर के पीछे लिख को रखे तुम." खरंच तिथं होता.

त्यांच्या फोनवर मेल उघडून मी कंपनीचं नाव टाकून शोधलं. जाहिराती, जाहिराती, आणखी जाहिराती. काका माझ्या खांद्याशी उभे राहून स्क्रीनकडं बघत होते, जणू त्यांना वाचता येत होतं. सगळ्यात खाली तीन वर्षांपूर्वीचा एक मेल निघाला. नोंद झाल्याबद्दल आभार. खाली सीरियल नंबर. जादा वर्षाचे दहा महिने बाकी.

सारिकानं ओढणीनं तोंड पुसलं. घाम होता की काय, मी बघितलं नाही.

त्या मेलमधूनच कंपनीचं खातं उघडलं आणि अय्यूबभाईंनी स्वतः ट्रान्सफरचं बटण दाबलं. फॉर्म उघडला. नवीन मालकाचं नाव. मी फोन सारिकाकडं दिला. तिनं टाइप केलं.

"काय लिवलं?" काकांनी विचारलं.

"तुमचं नाव."

"माझं काहून? मला ते चालू तरी करता येतंय का? तुझं लिव."

"बाबा, पैसे तुमचे."

"मेंढरं माझी व्हती. हे तुझं हाय."

अय्यूबभाई म्हणाले, "लिख बेटा. अब्बा बोलरे तो लिख." तिनं आधीचं पुसलं आणि आपलं नाव लिहिलं. मेल आयडी तिचा, मोबाईल तिचा. पाचव्या मिनिटाला तिच्या फोनवर मेसेज आला. अय्यूबभाईंनी चहाशिवाय सोडलं नाही.

सोमवारी मुंबईची परवानगी आली. मी सरांसमोर सहा स्क्रू काढले, प्लेट उचलली. भिंगाखाली नंबर वाचला, सरांनी मेलवरचा वाचला. मी एक आकडा बोलायची, ते एक बोलायचे. जुळला. शेवटचा आकडा झाल्यावर सर म्हणाले, "टाक केस." नंबर न दिसण्याच्या कारणाच्या रकान्यात स्टिकरवर रंग असं न लिहिता काय लिहावं, यावर आमचा थोडा वाद झाला. मी रंगच लिहिला. खरं ते लिहिलेलं बरं असतं, नंतर आठवावं लागत नाही.

कार्ड मुंबईला गेलं. अशा वेळी तेच दुरुस्त होऊन येत नाही, बहुतेक वेळा बदली दुसरं येतं. मधल्या दिवसांत सारिकाचा फोन एकदाच आला. आलं का, असं तिनं विचारलं नाही. किती दिवस लागतात, असं विचारलं.

बदली कार्ड आलं तेव्हा तिच्या ट्रायलचे आठ दिवस उरले होते आणि पाचातली दोन ड्रॉइंगं बाकी होती. मी फोन केला, तर ती कामावर होती. म्हणून काका आले. एसटीनं आले, स्टँडवरून चालत आले. टोपी काढून घाम पुसला आणि हात पुढं केला.

मला ते देता येत नव्हतं. मी म्हणाले, "काका, सारिकाला यावं लागेल. खातं तिच्या नावावर आहे. तिची सही आणि ओळखपत्र लागतं."

"मी बाप हाय तिचा."

"माहीत आहे, काका."

"म्हंजे मी मागितलं तरी नाय?"

"नाही."

"आन् तुमच्या सायबानं मागितलं तर?"

"त्यांनाही नाही."

मला वाटलं चिडतील. इतक्या उन्हात आलेला माणूस चिडला असता तर मी काही बोलले नसते. ते बेंचवर बसले. मी पाणी दिलं. ते सावकाश प्यायले. मग शेजारी प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "माझ्या पोरीच्या सहीशिवाय देत नाय म्हणत्यात."

तो माणूस म्हणाला, "मग आता?"

"मग काय. येईल ती, सही करील," काका म्हणाले आणि टोपी घालून एसटी गाठायला निघाले. दारातून परत वळले आणि मला एकदा विचारून खात्री करून घेतली, की उद्या दुसरं कुणी आलं तरी मी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सारिका आली. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहून सही केली. खोका उघडून बघितला नाही, छातीशी धरून गेली. महिना संपायच्या आदल्या दिवशी पाचवं ड्रॉइंग दिलं. पुढच्या महिन्यापासून पगार सुरू झाला. हे मला तिनं नाही, बोरा सरांनी सांगितलं. त्यांनी तिला फोन करून विचारलं होतं. मला आश्चर्य वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

तर, जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी. मूळ बिल मागा. खोका असेल तर तोही मागा, त्यावर नंबर असतो. विकणाऱ्याला समोर बसवून खातं आपल्या नावावर करून घ्या, कारण महिन्यानंतर तो फोन उचलेलच असं नाही. आणि ज्याच्या नावावर कराल, त्यालाच कार्ड न्यायला पाठवा. नाहीतर दुसऱ्याला भर उन्हात रिकामा हेलपाटा पडतो. मल्हारीकाका त्यानंतर मला बरेचदा भेटले. त्या हेलपाट्याची त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.