तोरणांसाठी जागा

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात फक्त दोन निर्णय पटकन घेतले. आत्याला बघायला गेले तेव्हा पोहे यायच्या आधीच होकार दिला, आणि डोंबिवलीत एका बिल्डरच्या ऑफिसात रंगीत नकाशा बघून तिथल्या तिथे फ्लॅट बुक केला. पैकी आत्या उत्तम निघाली आणि फ्लॅट निघालाच नाही. इमारत जोत्यापर्यंत आली, आणि मग बिल्डर कुठे गेला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यात आत्याच्या पाटल्या गेल्या आणि शेजारच्या कोपरची भाड्याची खोली कायमची झाली. सुरुवातीला दोघं रविवारी संध्याकाळी त्या जोत्यावर जाऊन गवतात उभी राहायची. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. आत्या म्हणाली, "इथं आपला हॉल आहे बरं का, चप्पल बाहेर काढ." मी काढली आणि हॉलमध्ये मला काटा लागला. आतोबांनी तो काढला आणि चप्पल स्वतःच माझ्या पायांत घातली.

त्यानंतर आतोबांनी पटकन म्हणून काही केलं नाही. मानपाड्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. आलेला माल मापायचा आणि नापास झाला तर त्यावर लाल शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कंपनीने पुढे सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा शिक्का तिथेच राहिला पण इन्स्पेक्शन घरी आलं. छत्री घ्यायची तर दुकानदाराला ती उघडून धरायला लावत आणि वरून तांब्याभर पाणी ओतत. तांब्या घरून नेलेला असे. कुकर घ्यायचं ठरलं तेव्हा ज्यांच्याकडे कुकर आहे अशा घरांत ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बसत आणि शिट्टी ऐकून मान हलवत. आतोबा जिना चढताना दिसले की बायका गॅस बारीक करतात, अशी आत्याची थाप होती. शेवटी त्यांची खात्री पटली तेव्हा ते मॉडेल बंद झालं होतं, त्यामुळे आत्याकडे भात पातेल्यातच शिजत राहिला. एकदा मी सुट्टीत गावी निघालो, तर मला सोडायला ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत आले आणि कंडक्टरला म्हणाले, "ही गाडी अलीकडे कुठे बंद पडली होती का? खरं सांगा." कंडक्टर बिचारा खरं बोलला. आतोबांनी मला बॅगेसकट उतरवलं आणि शेजारच्या गाडीत बसवलं. ती गाडी खरोखरच उत्तम होती, फक्त भिवंडीला जाणारी होती.

आत्या यावर हसायची. हसता हसता तिचे हात चालू असायचे, कारण ती मण्यांची तोरणं करायची. नुसती तोरणं नाहीत, रुखवतातल्या महिरपी, चौरंगाच्या झालरी, काय वाटेल ते. पण नाव झालं ते तोरणांचं. डोंबिवलीत नवी इमारत उभी राहिली की महिन्याभरात तिथल्या दोन-चार दारांवर आत्याचे मोर आणि कोयऱ्या लटकायला लागत. आतोबांनी नोकरीनंतर त्याचा रीतसर धंदा केला, म्हणजे मणी आणायचं काम स्वतःकडे घेतलं आणि एकेक लाल मणी उजेडात धरून बघायला सुरुवात केली. आत्याच्या स्वतःच्या दारावर मात्र तोरण नव्हतं. आपलं घर होईल तेव्हा लावू, एवढंच म्हणायची, आणि पुढचा मणी ओवायची. मला त्या रिकाम्या दाराचा राग यायचा. कुणाचा राग ते सांगता आलं नसतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आत्याच्या नजरेपुढे डाग यायला लागले. डॉक्टर निवडायला आतोबांनी नेहमीसारखा वेळ घेतला, दवाखान्यांबाहेर उभे राहून बाहेर पडणाऱ्या पेशंटांना गाठून "आता कसं दिसतंय?" असं विचारत होते. पण यात त्यांची चूक काढता येणार नाही, कारण ज्याला सगळे चांगला म्हणाले त्या डॉक्टरनेही उशीर झाल्याचंच सांगितलं. शुगर डोळ्यांत फार आधी उतरली होती. असलेली नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या, असं तो अगदी सहज म्हणाला. आतोबांनी घरी येऊन आत्याला विचारलं, काश्मीरला जायचं का. आत्या म्हणाली, "काश्मीर नको. माझी सगळी तोरणं एकदा एका ठिकाणी बघायची होती हो. केलं की गेलं लोकाच्या दारावर. एकत्र अशी मी बघितलीच नाहीत कधी."

तोरणांचे फोटो होते. गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणून आत्या प्रत्येक तोरणाचा एक काढून ठेवायची, पण अल्बमला ओल लागून पानं एकमेकांना चिकटली होती. मी तेव्हा ठाण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचो. फोटो मी वाफेवर धरून सोडवले, साहेब जेवायला गेले की एकेक स्कॅन केला, आणि आतोबांना म्हणालो, आपण आत्याची वेबसाइट करू. सगळी तोरणं एका पानावर दिसतील, आत्या बघेल, शिवाय बाहेरच्या ऑर्डरी येतील. त्या काळी परदेशातल्या काही कंपन्या नेटवर कुणालाही फुकट जागा देत. काही शिकावं लागत नसे. तयार नमुन्यांतला एक निवडायचा, मजकूर आणि फोटो टाकायचे, की झालं. त्यांतल्या एका कंपनीने तर जागेच्या चक्क वस्त्या पाडल्या होत्या, वस्तीत गल्ल्या आणि प्रत्येक पानाला घरासारखा नंबर. हे मी आतोबांना सांगायला नको होतं.

"फुकट?" ते म्हणाले. "जागा? आणि ती डोंबिवलीच्या माणसाला सांगतोस?"

दुसऱ्या दिवसापासून आतोबा मानपाडा रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊ लागले. मी सुट्टीच्या दिवशी जायचो तेव्हा ते कोपऱ्यातल्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, स्क्रीनच्या इतके जवळ बसलेले असत की समोरच्याला आत काही पडलंय असं वाटावं. त्यांनी एकेक कंपनी घेतली आणि फ्लॅट बघावा तशी बघितली. मालक कोण, किती वर्षं आहे, रात्री बंद असतं का, आणि उद्या मालकाने जागा विकली तर आत राहणाऱ्यांचं काय? एका कंपनीचे नमुने त्यांना आवडले, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर ती स्वतःच्या जाहिराती लावायची. "तोरणाच्या वर जुगाराची पाटी?" म्हणाले आणि उठले. एकीत सगळं माऊसने उचलून हवं तिथे ठेवता यायचं; पण आज ठेवलेलं उद्या तिथे सापडेना, तेव्हा तिचं बांधकाम कच्चं ठरलं. एकीत पान उघडलं की आपोआप पेटी वाजायची आणि ती बंद कशी करायची हे कॅफेवाल्यालाही माहीत नव्हतं. आतोबा म्हणाले, "घरात शिरताना कुणीतरी आत आहे असं वाटायला हवं, बँडवाले नकोत."

राहिली ती वस्त्या-गल्ल्यांची कंपनी. तिथे आतोबांनी शेजार बघायला घेतला. रिकाम्या नंबरच्या डावीकडची आणि उजवीकडची पानं उघडायची, आणि तिथे पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची सोय असे, त्यात इंग्रजीत लिहायचं, की महोदय, आपल्या शेजारी जागा घेण्याचा विचार आहे, तरी मालकाचा आपला अनुभव कळवावा. आणि लोकांनी कळवलं! एका बर्फाळ गावातल्या म्हाताऱ्याने आपल्या मांजरांचे फोटो लावले होते, त्याने मालक बरा आहे पण फार फोटो ठेवू देत नाही असं लिहिलं. स्वेटर विणणाऱ्या एका बाईने तर उलट विचारलं की तुमची पत्नी काय विणते. आतोबा हे सगळं संध्याकाळी आत्याला जाऊन सांगत. आत्याने त्या म्हाताऱ्याच्या मांजरांना नावंही दिली होती.

मला मात्र हे बघवेना. आत्या आता भात वाढताना ताटाची कड बोटाने शोधायची. कॅफेवाला चांगला होता, तोही एकदा वैतागून म्हणाला, "काका, फ्री है ना? मग बनवून टाका. नाय आवडलं तर डिलीट मारा."

"डिलीट मारायला ते काय तुझं नाव आहे भिंतीवर लिहिलेलं?" आतोबा म्हणाले. "आयुष्य आहे तिचं."

अखेर वस्तीतली एक जागा पक्की होत आली. शेजार चांगला, गल्ली शांत. आतोबांनी शेवटचं म्हणून मागच्या अंगाचं एक पान उघडलं. तिथे कुदळ मारणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, काम चालू आहे, लवकरच येत आहोत. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आतोबा ते चित्र बराच वेळ बघत राहिले, मग यंत्र बंद न करताच बाहेर आले.

रस्त्यावर मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "आतोबा, कुणाचं तरी अर्धवट पान आहे, त्याचं आपल्याला काय? तुम्ही जागाच बघत बसाल आणि आत्याला काही दिसायचं नाही. डोळे थांबणार नाहीत तिचे."

"माहितीये मला," ते म्हणाले. "एकदा घाई केली रे मी. ती त्या खोलीत राहिली आणि एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं." गर्दीत त्यांना कुणाचा तरी धक्का लागला, त्यालाच ते सॉरी म्हणाले. मग चालता चालता म्हणाले, "तीच जागा घेऊ. उद्या फोटो घेऊन ये."

तरी त्यानंतर पान उभं राहायला महिना गेला, कारण कुठलं तोरण कुठे लावायचं हे त्यांनी अर्ध्या डोंबिवलीला विचारलं. वाणी, कॅफेवाला, मी, माझी आई, सगळ्यांनी मत दिलं. मोरांचं तोरण मधोमध असावं यावर शेवटी एकमत झालं. आतोबांनी वर मोठ्या अक्षरांत आत्याचं नाव लिहिलं, खाली कोपरचा पत्ता, आणि एका दुपारी आत्याला रिक्षाने घेऊन आले.

आत्या ठेवणीतली साडी नेसून आली होती. कॅफेवाल्याने खुर्ची पुसून दिली. आतोबा तिच्या मागे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभे राहिले, आणि मी पानाचा पत्ता टाइप केला. नेट त्या दिवशी फारच मंद होतं. आधी आत्याचं नाव उमटलं. मग जिथे तोरणांचे फोटो यायचे तिथे रिकाम्या करड्या चौकटी आल्या, आणि तिथेच सगळं अडकलं. मी म्हणणार होतो, थांब हं आत्या, येतंय, तेवढ्यात आत्या स्क्रीनच्या थोडं बाजूला बघत म्हणाली, "अगं बाई! सगळी एकत्र किती छान दिसतायत हो!"

आत्याने पदर सारखा केला आणि थोडं पुढे वाकली. "फक्त ते मधलं तेवढं जरा डावीकडं घ्या," ती म्हणाली.

मी आतोबांकडे बघितलं. उजेडात धरल्याशिवाय ज्यांनी एक मणी घेतला नाही, ते त्या रिकाम्या चौकटींकडे बघत होते, मग आत्याच्या केसांकडे बघत राहिले.

"घेतो हं," ते म्हणाले. "माझ्याही मनात तेच आलं होतं."

आत्याला रिक्षात बसवल्यावर ते एकटेच परत आत आले आणि मोरांचं तोरण त्यांनी डावीकडे घेतलं, कुणालाही न विचारता. पान एकीकडे कललं. मला ते बरं दिसेना, पण पुढे ते पान होतं तोवर तसंच राहिलं.